सुवेणीची धान्यतुला

एका राज्यात सोमकीर्ती नावाचा विद्वान राजा होता. तिथे दर वाढदिवसाला राजकन्येची धान्यतुला होई आणि पारड्यातले तांदूळ प्रजेला वाटले जात. तराजू मंतरलेला होता. त्याच्यापाशी बोललेला शब्द पारड्यात बसणाऱ्याला जन्माचा चिकटे. राजाने हे पोथीत वाचले होते. वाचून विसरला होता.

राजकन्या सुवेणीला चौदावे लागले. यंदा तांदूळ चार पायल्या जास्त लागले. भर दरबारात राजा म्हणाला, "आमची लेक यंदा कोठार बुडवणार." दरबार खदखदून हसला. सुवेणीही हसली.

त्या दिवसापासून तिला आरशात स्वतःच्या जागी डोंगर दिसू लागला. तिने ताट दूर सारले.

राजाने राज्यातले आरसे फोडवले. तिला तांब्यातल्या पाण्यात डोंगर दिसला. राजाने जेवणाची आज्ञा काढली. घास ओच्यात लपले. मग सात वने ओलांडून राजाने राक्षसाच्या बागेतले अमृतफळ आणले. ते तिने म्हाताऱ्या दाईला दिले. दाई सोळा वर्षांची झाली आणि राजकन्येसाठी रडत बसली.

पुढच्या तुलेला निम्मेच तांदूळ लागले. सुवेणीची मनगटाएवढी वेणी गळून करंगळीएवढी उरली.

एक साळुंकी राजाच्या खिडकीत येऊन बसली. "राजा, तीन उपाय केलेस, तिन्ही तिच्यावर. बोलले कोण होते?"

राजाला ते वर्षभर ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात तो स्वतः पारड्यात बसला. "त्या दिवशी तुम्ही हसलात ते माझ्या बोलण्यावर. बोलणे हलके होते, मीही हलका होतो. लेक वाढत होती, एवढेच झाले होते."

कोणी हसले नाही.

"तात," सुवेणीने विचारले, "तुम्हांला मी खरेच तशी दिसले होते?"

"नाही, बाळ. मला हशा हवा होता."

तराजूची दांडी मधोमध मोडली. राजा फरशीवर आपटला. सुवेणीने पुढे होऊन त्याला उठवले. तांब्यात तिने वाकून पाहिले. तिथे एक थकलेली मुलगी होती.

त्या सायंकाळी तिने पेजेचे तीन घास घेतले. चौथा दुसऱ्या दिवशी.

पुढे राज्यात तांदूळ न जोखता, सुवेणीच्या ओंजळीने वाटले जाऊ लागले. प्रजा पोटभर जेवू लागली. वेणी मात्र पहिल्यासारखी वाढली नाही. आणि राजा रोज सकाळी ती स्वतः विंचरी, फार हळू, एक अक्षर न बोलता.