रुमालाखालची बैलजोडी

खूप वर्षांमागं, घाटात अजून डांबर पडलं नव्हतं तेव्हा, पायथ्याच्या एका गावात दोन भाऊ बैलगाडी हाकत. आईबाप नव्हते. थोरल्यानंच धाकट्याला वाढवलं होतं. गाडीवर तो त्याला नेहमी सावलीच्या बाजूला बसवायचा आणि आपण उन्हात बसायचा.

गावातला सगळा माल एका दलालाच्या हातून जाई. व्यापाऱ्याचं मीठ घाटावर न्यायचं, तर दलाल सांगेल त्याच गाडीनं. त्याची बोलणी रुमालाखाली चालत. गाडीवानाचा हात हातात घ्यायचा, वर लाल रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून ठरवायचं. दोन बोटं जुळवून दाबली, की त्याचा अर्थ चढाला ओढायला एक जादा बैलजोडी. तोंडानं एक शब्द नाही. शेजारी उभ्या माणसालाही काही कळत नसे.

एकदा मिठाच्या गोण्या फार होत्या. थोरला म्हणाला, एवढं ओझं दोन खेपांत नेऊ. दलालानं त्याचा हात रुमालाखाली घेतला आणि दोन बोटं जुळवून दाबली. मग कानाशी येऊन म्हणाला, "जोडी पायथ्याला उभी असेल. फक्त तुला देतोय, बाकीच्यांत बोलू नकोस. आणि दिवस मावळायच्या आत सगळा माल वर पोचला नाही, तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

थोरल्यानं मान डोलावली.

पायथ्याला जोडी नव्हती. गावचे बाकीचे गाडीवान मात्र ओळीनं उभे होते. त्यांच्याही गाड्या तशाच दाबून भरलेल्या. का थांबलात, असं धाकट्यानं विचारलं, तर कुणी म्हणे बैलांना पाणी पाजतोय, कुणी म्हणे चाकाला वंगण घालतोय. एक म्हातारा गाडीवान म्हणाला, "माझ्या बैलाला विचार बाबा. मालक तोच आहे." सगळे हसले. थोरलाही हसला. आणि सगळे गावाकडच्या वाटेकडं बघत राहिले.

ऊन उतरलं. धाकटा म्हणाला, "दादा, निम्म्या गोण्या इथंच उतरवू. नाहीतर ह्यांच्यातल्या कुणाची जोडी मागू."

"कुणाला बोलायचं नाही असं ठरलंय. शब्द दिलाय मी."

"त्यानं कुठं पाळला?"

"त्याचं तो बघेल," थोरला म्हणाला आणि त्यानं गाडी चढाला घातली. बाकीचे खालून बघत राहिले.

शेवटच्या वळणावर बैलांनी गुडघे टेकले. धाकटा चाकामागं दगड लावत होता, पण दगड सरकत होता. थोरल्यानं वरून हाक दिली, "खाली ओढ्यावर जा, मोठा दगड आण. पळ." धाकटा पळाला. मोठा दगड गाडीलाच बांधलेला होता आणि दादाला ते ठाऊक होतं, हे त्याला ओढ्यावर पोचल्यावर आठवलं. तोवर वरून आवाज आला होता.

गाडी, बैल, थोरला, सगळं दरीत गेलं. खालच्या झाडांवर मीठ पांढरं पसरलं होतं.

पंचायत बसली. दलाल म्हणाला, मी जोडी कबूल केलीच नव्हती, त्यानं लोभानं जास्त माल भरला. धाकटा त्याच्या अंगावर धावला. लोकांनी त्याला धरून ठेवलं.

"ह्याला अक्षर वाचता येत नाही आणि मला करार शिकवतो," दलाल म्हणाला. "विचारा, कुणी पाहिलं का."

पाटलानं गाडीवानांना विचारलं. सगळे जमिनीकडं बघत राहिले. उद्याची खेप दलालाच्याच हातात होती.

धाकट्यानं हिसडा मारला, दलालाच्या खांद्यावरचा लाल रुमाल ओढला आणि पाटलाच्या हातावर टाकला.

"तोंडानं बोलायची भीती वाटत असेल तर बोलू नका," तो गाडीवानांना म्हणाला. "त्या दिवशी तुम्हीही गाड्या भरून वाट बघत होता. ह्यानं तुमच्या हातावर काय दाबलं, तेवढं पाटलांच्या हातावर दाबा."

मग तो म्हातारा गाडीवान उठला. त्यानं रुमालाखाली हात घातला आणि परत जागेवर जाऊन बसला. मग दुसरा उठला. मग सगळेच, एकामागून एक. शेवटी पाटलानं रुमाल बाजूला केला आणि आपली दोन बोटं जुळवून वर धरली.

"सगळ्यांनी हेच दाबलं," पाटील म्हणाला.

तेव्हा गाडीवानांनी एकमेकांकडं पाहिलं. जोडी फक्त आपल्यालाच कबूल झाली आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं. म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला.

"अरे, बैल तर तिथंच होते," तो म्हणाला. "आपलेच होते. एकाची जोडी सोडून दुसऱ्याला लावली असती, तर सगळ्या गाड्या वर गेल्या असत्या."

दलालाला गाव सोडावं लागलं. रुमाल पंचांनी जाळला. पुढं सगळी बोलणी देवळासमोर, चारचौघांना ऐकू जातील अशी होऊ लागली. चढाला गाडीवान आपापले बैल एकमेकांच्या गाडीला जोडू लागले. लोक म्हणाले, न्याय झाला.

धाकट्यानं नवी गाडी केली नाही. तो शेवटच्या वळणावर बसून असे आणि येणाऱ्या प्रत्येक चाकामागं मोठा दगड लावी. गाडीवान त्याला वर बोलवत, ये, सावलीच्या बाजूला जागा आहे म्हणत. तो कधी बसला नाही.

तात्पर्य: चारचौघांत सांगता येत नाही असा करार करू नये. आणि शेजारच्याला काय कबूल झालंय, ते वेळेवर विचारावं. माणूस गेल्यावर खरं कळून काय करायचं?