भिंतीखालचा पट्टा

"…म्हणजे मी अजून तयार नाही, असंच ना सर?"

शार्दूलला नाशिकला स्वतःचं ऑफिस थाटायचं होतं. एक अख्खं घर एकट्याने कॉम्प्युटरवर काढून दाखव, मग खुशाल जा, असं केळुसकर सर म्हणाले होते. घर काढून झालं होतं. सर मात्र अजून हो म्हणत नव्हते.

"चूक तरी सांगा!"

सर चहा फुंकत राहिले…

मुरमावरचं एकमजली घर. खाली पाया म्हणून सलग स्लॅब. जिथे भिंत, तिथे तिचा भार पेलायला तो खालून पट्ट्यासारखा जाड केलेला. पोरगं हुशार होतं, आणि हुशारी लपवायची त्याला सवय नव्हती.

"प्रत्येक भिंतीखाली पट्टा आहे?"

"प्रत्येक. डोळे झाकून सही करा."

"स्वयंपाकघर लहान नव्हतं का रे?"

"घरमालकीण काकूही तेच म्हणाल्या. म्हणून काल भिंत हातभर सरकवली."

"बरं… आता घर खालून दाखव."

"खालून? खालून कोण बघतं सर?"

सरांनी पडद्याकडे बोट केलं.

शार्दूलने कॉम्प्युटरवरचं मॉडेल उलटं केलं आणि त्याचा हात माऊसवरच थांबला. भिंत सरकली होती. पट्टा मात्र जुन्याच जागी, स्वयंपाकघराच्या मोकळ्या फरशीखाली पडून होता. भिंत पातळ स्लॅबवर उभी होती.

"पट्टा मी मॉडेलमध्ये भिंतीला जोडलाच नाही… नुसता खाली काढून ठेवला."

सरांनी अर्धा चहा बशीत ओतून घेतला आणि कप त्याच्यापुढे सरकवला. एवढं प्रेम त्यांनी ऑफिसात दुसऱ्या कुणावर केलं नव्हतं.

चहा तसाच ठेवून शार्दूलने एकेक पट्टा आपापल्या भिंतीला जोडला. मग मान खाली घालून म्हणाला,

"मी नाही जात नाशिकला. तिथे मला खालून बघ म्हणून कोण सांगणार?"

सरांनी नकाशा ओढला, सही केली.

"आता वरून बघ. पट्टा दिसतो?"

"नाही."

"भिंत सरकव."

त्याने सरकवली.

"अजून… अजून."

भिंत पडद्याच्या पार कडेला गेली.

"आता खालून बघ."

शार्दूलने पाहिलं. पट्टा भिंतीखालीच होता. त्याचे डोळे भरून आले.

सर बशीतला चहा संपवत म्हणाले, "मग नाशिक असं कितीसं लांब आहे?"