वेशीवरचं कोरं घर

फार पूर्वी, घरोघरी तांब्याच्या घागरींनी पाणी भरत त्या काळात, नदीकाठच्या एका पेठेत एक तांबट राहत होता. त्याच्या घागरीवरचे हातोडीचे ठोके इतके एकसारखे असत, की बायका विकत घेण्याआधी त्यांवरून नुसती बोटं फिरवत बसत. चाळीस वर्षं त्याने हातोडी चालवली. मग एके दिवशी त्याचा उजवा हात थरथरला आणि एक ठोका वाकडा पडला. वैद्याने हात पाहून सांगितलं, "वर्षभर रेटाल. पुढे हातोडी खाली ठेवावी लागेल."

तांबटाला मूलबाळ नव्हतं. घरात तो, त्याची बायको आणि जमिनीत पुरलेल्या शंभर पुतळ्या, म्हणजे सोन्याची नाणी. म्हातारपण त्यांवरच काढायचं होतं. त्या रात्री तो बायकोला म्हणाला, "माझा हात गेला तरी तुला कुणाच्या दारात राबायला जावं लागणार नाही. हा माझा शब्द."

त्याच सुमारास पेठेतला एक वाणी सगळं विकून काशीला निघाला होता. त्याच्या दोन मालमत्ता उरल्या होत्या आणि प्रत्येकीची किंमत शंभर पुतळ्या. बाजारामागच्या बोळात तीन बुटक्या, धुराने काळवंडलेल्या खोल्या होत्या. त्यांत एक कासार, एक न्हावी आणि एक दोर वळणारा राहत. तिघेही दर पौर्णिमेला भाडं आणून देत. दुसरं होतं वेशीवरचं नवंकोरं घर. दगडी जोतं, सागवानी दार, आणि आत अजून कुणाचं पाऊलही पडलेलं नाही. राजाचा मोठा रस्ता याच वेशीवरून जाणार, अशी दवंडी पिटली गेली होती.

"रस्ता झाला की हेच घर पाचशे पुतळ्यांना जाईल," वाणी म्हणाला.

"आणि रस्ता कधी होणार?" तांबटाच्या बायकोने विचारलं.

"राजाचं काम आहे बाई. होईल तेव्हा होईल."

घरी परतताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बोळातल्या खोल्या घेऊ. त्यांचं मोल वाढायचं नाही, कळतं मला. पण आपलं पोट दिवसातून दोनदा विचारणार. त्याला काय सांगायचं?"

"अगं, त्या खोल्या म्हणजे काजळी धरलेली भांडी," तांबट म्हणाला. "आयुष्यभर कोरा माल हाताळला मी. आता जुनापाना घेऊ?"

त्याने वेशीवरचं घर घेतलं. बोळातल्या खोल्या एका विधवा तेलिणीने घेतल्या. लोक तिला हसले, आणि खरं सांगायचं तर तांबटही हसला.

वर्षभरात हातोडी थांबली. तेवढ्यात मीठ विकणारं एक कुटुंब पेठेत उतरलं. त्यांचा म्होरक्या तांबटाकडे येऊन हात जोडून म्हणाला, "मालक, वेशीवरचं घर रिकामंच आहे. आम्हाला राहू द्या. भाडं फार नाही देता येणार, पण तुम्हा दोघांच्या दाण्यापाण्याचं भागेल."

तांबटाच्या बायकोचा चेहरा उजळला. पण तांबटाने मान हलवली. "कोऱ्या घागरीला घडणावळीचा भाव मिळतो. एकदा ती चुलीवर चढली, की मोडीच्या भावाने जाते. माझं घर कोरंच राहील."

तांब्याच्या बाबतीत त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण घर म्हणजे घागर नव्हे, एवढं साधं त्या शहाण्या कारागिराला उमगलं नाही.

तो रोज जाऊन दार पुसायचा, कुलूप ओढून बघायचा आणि रिकाम्या हातांनी परत यायचा. रस्त्याचा पत्ता नव्हता. पहिल्या वर्षी त्याने ऐरण विकली. दुसऱ्या वर्षी बायको दुसऱ्यांची दळणं दळायला जाऊ लागली. संध्याकाळी ती तळहातांना तेल लावायची आणि तांबट भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

इकडे कोऱ्या घरात ना चूल पेटत होती ना दिवा. धूर नाही म्हणून वाशांना वाळवी लागली. सरकलेलं कौल सारखं करायला घरात कुणी नव्हतं. चौथ्या वर्षी बायको तापाने अंथरुणाला खिळली, औषधाला घरात काही उरलं नाही, तेव्हा तांबट गिऱ्हाईक शोधायला निघाला. पोखरलेले वासे पाहून जो तो मागे फिरला.

शेवटी तेलीण आली. "दादा, चार वर्षांचं भाडं साठवून माझ्याकडे चाळीस पुतळ्या जमल्यात. याहून जास्त नाहीत. परवडत नसेल तर देऊ नका."

तांबटाने किल्ली तिच्या हातावर ठेवली. बायको वाचली, पण औषधपाण्यात आणि जुन्या उधारीत त्या पुतळ्या संपल्या. राहतं घरही विकावं लागलं, तेव्हा दोघं तेलिणीच्याच बोळातल्या एका खोलीत राहायला गेली. तेलिणीने वेशीवरच्या घरात मीठवाल्यांना ठेवलं. त्यांची चूल पेटली, वाळवी हटली, कौलं शाकारली गेली.

त्यानंतर सहा वर्षांनी रस्ता आला. घर पाचशे पुतळ्यांना गेलं. वाणी खोटं बोलला नव्हता.

त्या पौर्णिमेला तांबट नेहमीप्रमाणे भाडं घेऊन तेलिणीच्या दारात उभा राहिला. ती ओशाळली. "दादा, आज तरी राहू द्या."

"घ्या बाई," तांबट म्हणाला. "हेच दर महिन्याला येत होतं, म्हणून तुम्हाला थांबता आलं. माझ्याकडे वाट बघण्यासारखं घर होतं. वाट बघताना खायला काही नव्हतं."

खोलीवर आला तेव्हा बायको लोकांचं दळण घेऊन जात्यावर बसली होती. तो तिच्यासमोर बसला आणि आपल्या थरथरत्या हाताने त्याने जात्याचा खुंटा धरला. तिने आपला हात सरकवून त्याच्या हाताला जागा करून दिली.

तात्पर्य: उद्या मोल वाढेल अशी वस्तू खुशाल घ्यावी, पण तो उद्या उजाडेपर्यंत आजची चूल कशावर पेटणार, हे आधी ठरवावं.