राजवैद्याचा रांजण आणि कुंभारणीची पाटी

एका डोंगराळ राज्यात एक राजवैद्य होता आणि त्याच्याहून कितीतरी मोठा त्याचा रांजण होता. रांजणात उतरायला शिडी लागे आणि आतलं औषध ढवळायला हत्ती. नवं आसव घालायचं म्हटलं की आधी नगारा वाजे, मग गुळाच्या गाड्या येत. औषधाचा गुण भांड्याच्या आकारावरून ठरतो, अशी तिथे सगळ्यांची खात्री होती.

एका वर्षी एक दिवसाआड येणाऱ्या तापाची साथ आली. औषध ठाऊक होतं: डोंगरातल्या एका सालीचा काढा गुळाबरोबर आंबवून केलेलं आसव. पण राजवैद्यानं आजोबांची पोथी उघडली, तर सगळी प्रमाणं वाळवीनं खाल्लेली. ‘काढा, गूळ आणि आंबवणासाठी धायटीची फुलं घ्यावीत’ एवढं शिल्लक होतं. किती घ्यावीत, तिथे भोक.

“हरकत नाही,” राजवैद्य म्हणाला. “अंदाजानं घालू.”

पहिल्यांदा रांजण उघडला तो पंधरा दिवसांनी. आंबट ढाण! दुसऱ्या खेपेला वर हातभर बुरशी. तिसऱ्या खेपेला ढवळता ढवळता हत्तीनंच तोंड फिरवलं. दीड महिना गेला आणि राज्यात आता एका रांजणापुरताच गूळ उरला.

गावातल्या एका कुंभारणीची सहा वर्षांची लेक तापानं इतकी वाळली होती, की तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत. आणखी एक रांजण फसला तर पोर हाती लागणार नाही, हे कुंभारणीला कळत होतं. ती तडक दरबारात गेली. हातात भाजलेल्या मातीची ताटाएवढी पाटी होती.

“महाराज, ओल्या मातीत बाभळीच्या काट्यानं केसासारख्या वाटा कोरल्यात. भाजून वरून लाखेचा हात दिलाय. एका तोंडातून धायटीची फुलं घातलेलं गुळाचं पाणी सोडायचं, दुसऱ्यातून काढा. वाटा फुटतात, पुन्हा मिळतात आणि प्रत्येक खड्ड्यात वेगळं प्रमाण पडतं. मसुराएवढे शंभर खड्डे आहेत. शंभर आसवं एकदम! मला गुळाचा एक खडा तेवढा द्या.”

दरबार खो खो हसला. “मुंग्यांचा दवाखाना काढलास का, बाई?”

राजवैद्य मात्र संतापला. “एक खडासुद्धा मिळायचा नाही! खडाभर गूळ कमी पडला, तर माझं प्रमाण बिघडेल.”

“तुमचं प्रमाण वाळवीच्या पोटात आहे, वैद्यबुवा. बिघडलं हे कळणार कसं?”

राजा एवढा हसला की त्याला मुकुट हातानं धरावा लागला. “द्या तिला खडा. रांजण चार दिवस थांबेल.”

“निदान नगारा तरी वाजवू,” राजवैद्य पुटपुटला.

“नको, पाटी हादरेल,” कुंभारीण म्हणाली.

एवढ्याशा थेंबांना आंबायला चारच दिवस लागले. पण आता नवीच पंचाईत. शंभरातलं खरं आसव कुठलं? त्याची चव राज्यात एकाच जिभेला आठवत होती आणि ती जीभ राजवैद्याच्या तोंडात होती.

“मी? जमिनीवर ओणवं होऊन? गवताच्या काडीनं?”

भिंतीला टेकून कुंभारणीची लेक बसली होती. आज तिची तापाची पाळी. “आजोबा, चाखा ना लवकर,” ती म्हणाली. “थंडी वाजायला लागली.”

राजवैद्यानं तिच्याकडे पाहिलं. पगडी काढून बाजूला ठेवली आणि गुडघे टेकले. पहिल्या खड्ड्याला तो शिंकला. सतराव्याला त्यानं देवाचं नाव घेतलं. चाळिसाव्याला कुंभारणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्रेसष्टाव्याला मात्र त्यानं काडी पुन्हा बुडवली.

“हेच,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “लहानपणी मला ताप आला की आजोबा हेच पाजायचे.”

मग तो ताडकन उठला. “शिडी आणा! हत्ती आणा!”

“दमानं घ्या, वैद्यबुवा. आधी तांब्यात जमतंय का पाहू, मग घागरीत. आंबताना मोठं भांडं आतून तापतं. तिथे हेच गणित फसायचं.”

चाळीस वर्षांच्या सवयीनं राजवैद्यानं वाद घालायला तोंड उघडलं. पोरीचे दात वाजताना त्याला ऐकू आले. “तांब्या आणा,” तो हळूच म्हणाला.

काही दिवसांनी तांब्यातलं आसव जमलं. पहिला घोट पोरीला मिळाला.

“ई! कडू!”

“शाब्बास!” राजवैद्य ओरडला. “बरोब्बर कडू!”

पुढच्या पाळीच्या दिवशी अख्खा दरबार कुंभारणीच्या अंगणात येऊन बसला. जो तो पोरीच्या कपाळाला हात लावून बघे. दुपार झाली. ताप चढायची वेळ आली आणि टळूनही गेली.

“माझ्या कपाळाला काय चिकटलंय?” पोर वैतागली. “मला भूक लागलीय!”

कुंभारीण उठली आणि चूल पेटवायला गेली.

तात्पर्य एवढंच: थेंबाथेंबानं चुकायची सोय करा, म्हणजे शंभरदा चुकूनही माणसं वाचवायला उशीर होत नाही. थाटामाटाला नंतर वेळच वेळ असतो.