सगुणेची चिंधी

पुळणवाडीत घरोघरी हातपंप आहेत. समुद्र इतका जवळ की गाज ओसरीवर ऐकू येते, आणि तरी पाणी गोड. पण पाहुण्याची नजर पाण्याआधी नळावर जाते. नळ जमिनीतून वर येतो तिथे, गुडघ्याच्या उंचीवर, त्याला लुगड्याची चिंधी बांधलेली असते. ती घरच्याने बांधायची नाही, शेजारणीने बांधायची. आणि नळ ठोकून, वर पंप बसून ओटा सुकेपर्यंत शेजारणीने तिथून हलायचं नाही. तिला जेवणसुद्धा जागेवर आणून देतात. पाहुणे हसतात. मग वाडीतलं कोणी जुनं माणूस त्यांना बसवून घेतं आणि सगुणेची गोष्ट सांगतं.

लोखंडी नळ गलबतातून यायला नुकती सुरुवात झाली होती, तेव्हाची ही गोष्ट म्हणे. सगुणा आणि बाबल ही सख्खी भावंडं. बापाने जाताना माडांची बाग बाबलला दिली आणि कडेची विहीर सगुणेला. सगुणेला गावातच दिलेली, तिचं घर भावाच्या कुंपणाला लागून. नवरा दर्यावर गेला तो परत आलाच नाही. तिच्याजवळ आपलं म्हणावं असं काय होतं, तर ती विहीर. जेमतेम दहा हात खोल, पण अख्खी वाडी तिथलं पाणी प्यायची. सगुणेने कोणाला कधी नाही म्हटलं नाही.

बाबलच्या मनात आलं, आपल्या दारात नळ ठोकावा. टोकदार, भोकं पाडलेला, जाळी गुंडाळलेला नळ घणाने वाळूत ठोकत न्यायचा आणि वर पंप बसवायचा. जाणत्यांनी बजावलं होतं की इथलं गोड पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं बसलेलं आहे. बारा हातांपर्यंत जा, त्याखाली गेलात तर खारं वर येईल आणि आजूबाजूचंही नासेल. नळ तुकड्याला तुकडा जोडत खाली नेतात, त्यातला पहिला तुकडा बरोबर बारा हातांचा होता. सगुणेने आपल्या लुगड्याचा काठ फाडला आणि त्या तुकड्याच्या वरच्या जोडाखाली गच्च बांधला.

"दादा, ही चिंधी जमनीत जावची नाय."

"तुझी आण गो बाय," बाबल म्हणाला.

आण घेतल्यावर भावावर कोण पहारा ठेवतं? चिंधी जमिनीपासून हातभर राहिली तेव्हा सगुणा ठोकणाऱ्या चौघांसाठी आंबोळ्या करायला घरी गेली. घणाचे आवाज तिला चुलीपाशी येत होते. तिला वाटलं, ओट्याची जमीन ठोकून बसवतायत. ती परत आली तेव्हा पंप बसला होता आणि चिंधी गुडघ्याच्या उंचीवर होती. चौघांनी पोटभर आंबोळ्या खाल्ल्या. एकालाही घास अडकला नाही, आणि इथे सांगणाऱ्याचा आवाज अजून चढतो.

बाबल दिवसभर पंप मारून माड शिंपू लागला. माडाला मचूळ पाणी चालतं. स्वतःला प्यायला तो बहिणीच्याच विहिरीवर यायचा. दुसऱ्या वर्षी त्या विहिरीचं पाणी बदललं. आधी डाळ शिजेना, मग ते तोंडात धरवेना. बाबल म्हणाला, यंदा पाऊस कमी. सगुणेने ते खरं मानलं. आपल्याच हातून देवाचं काही राहिलं असेल म्हणून ती ग्रामदेवतेला नवस बोलली, सोमवार धरू लागली, आणि डोंगराकडच्या झऱ्यावरून पाणी वाहू लागली.

वैशाखात बाबलच्या पंपाची जाळी चोंदली. नळ उपटून साफ करायचा आणि परत बसवल्यावर पंपात वरून पाणी ओतायचं, तर तो पाणी धरतो. भावाकडे ओतायला चांगलं पाणी नसेल म्हणून सगुणा झऱ्याचा हंडा घेऊन आपणहून आली. तिला बघून बाबल म्हणाला, "तू घराक जा, उन्हात कित्याक उभी ऱ्हवतस?" ती राहिली.

माणसांनी दोरखंड लावून नळ ओढला. गुडघ्याजवळची चिंधी वर गेली. नळ येतच राहिला. आणि सहा हात वर आल्यावर वाळूतून एक जोड बाहेर आला. त्याच्याखाली दुसरी चिंधी होती, काळी पडलेली, पण गाठ तशीच.

ती तिची गाठ होती. वरची चिंधी वहिनीच्या लुगड्याची. दिवाळीला बाबलने बायकोला आणि बहिणीला एकाच ताग्यातली लुगडी घेतली होती.

सगुणेने हंडा खाली ठेवला. चिंधी सोडवली, भावाचा उजवा हात धरला आणि मनगटावर बांधली. "खाऱ्या पाण्याचा माका कायच वाटूक नाय, दादा. तू माका देवाकडे नवस करूक लावलंस." एवढंच बोलून ती गेली.

बाबलने नळ मोडून टाकला. तीन पावसाळ्यांनी विहीर पुन्हा गोड झाली. सगळ्यांना गोड लागे, बाबलला मात्र तेच पाणी मचूळ लागे, असं सांगतात. दर राखीला तो दारात येई. सगुणा तांब्या पुढे करी आणि विचारी, "पाणी कसा आसा?" तो शरमेने म्हणे, "गोड." ती राखी न बांधताच आत निघून जाई. अशी अकरा वर्षं गेली. बाराव्या वर्षी तो पायरीवर बसला आणि रडत म्हणाला, "मचूळ लागता गो. माका मचूळच लागता."

सगुणेने राखी आणून बांधली. चिंधी मात्र सोडली नाही. तो वारला तेव्हाही ती हातावर होती म्हणे.

आजही पुळणवाडीत भाऊ राखीला आला की बहीण आधी पाण्याचा तांब्या देते. पाणी पिऊन, जशी लागेल तशी चव त्याने सगळ्यांसमोर सांगायची. तोवर त्याने हात पुढे करायचा नाही.