मागच्या वाटेचा बांगडीवाला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. गावोगावचे रस्ते मातीचे होते आणि आठवड्याच्या बाजाराची माणसं सणासारखी वाट पाहत. नदीकाठच्या एका गावी दर बुधवारी असा बाजार भरे. आता तिथं पक्की दुकानं झाली आहेत, पण त्या बाजाराची आठवण काढली की म्हातारी माणसं अजून हळवी होतात. गुळाच्या ढेपा, नव्या घोंगड्यांचा वास, चिंचेखाली सोडलेले बैल आणि रेवडीसाठी आईचा पदर ओढणारी पोरं.

त्या बाजारात चिमाक्का फुटाणे विकायची. तिच्या शेजारी लिंबा बांगडीवाला बसायचा. दोघंही एकाच वाडीचे. लहानपणी बापांच्या खांद्यावर बसून ती दोघं बाजाराला आली होती. पुढं बाप गेले, त्यांच्या जागी हे बसू लागले. त्यालाही तीस वर्षं झाली. कुणाला पाणी प्यायला उठायचं असलं, तर दुसरा त्याचं दुकान सांभाळी. गिऱ्हाईक नसलं की लिंबा जुन्या गोष्टी काढी आणि चिमाक्का हसून हसून डोळे पुशी.

गावाच्या वेशीवर बाजारपट्टी द्यावी लागे. त्या पट्टीतून नदीवरच्या मातीच्या बांधाची दर वर्षी डागडुजी होई. त्यामुळे ऐन वैशाखातही माणसांना आणि जनावरांना पाणी मिळे, आणि लांबलांबचे लोक बाजाराला येत.

एका वर्षी चिमाक्काच्या लक्षात आलं, की लिंबा वेशीतून येईनासा झाला आहे. देवळामागे तट पडला होता, तिथून करवंदीच्या जाळीतून एक पायवाट होती. लिंबा त्या वाटेनं यायचा. त्याचं बघून आणखी चौघं-पाचजण तसेच येऊ लागले. सगळे डोक्यावर ओझं आणणारे, छोटे व्यापारी. त्यांत एक फुटाणेवालाही होता. तो पट्टी भरत नसल्यामुळे स्वस्त विकी, आणि चिमाक्काचं पोतं संध्याकाळी अर्धं तसंच राही.

तरी ती गप्प बसली. आपल्या माणसाचं नाव कसं घ्यायचं?

त्या साली पट्टी कमी जमली. बांधाला माती पडली नाही. उन्हाळा आला आणि बांध फुटून नदी कोरडी पडली. तहानलेले बैल घेऊन लोक अर्ध्या वाटेवरून परत जाऊ लागले. बाजार ओस पडू लागला.

मग पाटलांनी दवंडी दिली, "जो पट्टी चुकवणाऱ्यांची नावं सांगेल, त्याची तीन वर्षांची पट्टी माफ. आणि जो सापडेल, त्याची बाजारातली जागा कायमची जाईल!"

चिमाक्काचं मन एकदा डगमगलं. तीन वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. पण जागा जाणार कुणाची, हे आठवलं आणि तिला जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती लिंबाच्या घरी गेली. तो अंगणात बांगड्या निवडत होता.

"लिंबा, तू मागच्या वाटेनं येतोस. मला ठाऊक आहे."

लिंबाचा हात थांबला. "मग काय, पाटलांकडे निघालीस?"

"आधी तुझ्याकडे आले."

"अगं चिमे, माझ्या एका टोपलीनं बांध फुटला का?"

"तुझ्या एकट्याच्या नाही. पण तू गेलास म्हणून बाकीचे गेले."

लिंबा चिडला. "आणि वेशीवरचा न्याय बघितलास का? भरली बैलगाडी आणणारा जेवढी पट्टी देतो, तेवढीच मी टोपलीमागं द्यायची?"

हे मात्र खरं होतं. पूर्वी सगळेच डोक्यावर माल आणत, तेव्हाचा तो नियम होता. पुढं गाड्या आल्या, नियम तसाच राहिला.

"तुझं म्हणणं खरं आहे," चिमाक्का म्हणाली. "मग ते चावडीवर बोल. जाळीत लपून कुणाला कळणार? बुधवारी वेशीतून ये. आपण सगळे मिळून पाटलांना सांगू. नाही आलास, तर मात्र मी तुझं नाव घेईन. मागून कळायला नको, म्हणून आज तोंडावर सांगते आहे."

"तू माझं नाव घेणार नाहीस," लिंबा म्हणाला आणि पुन्हा बांगड्या निवडू लागला.

चिमाक्का बाकीच्यांच्याही घरी गेली. त्यांनाही तिनं हेच सांगितलं.

बुधवार उजाडला. बाकीचे सगळे खाली मान घालून वेशीत हजर झाले, तो फुटाणेवालासुद्धा. लिंबा आला नाही. चिमाक्का खूप वेळ रस्त्याकडे बघत उभी राहिली. मग ती सगळ्यांना घेऊन चावडीवर गेली. त्यांनी चूक कबूल केली आणि गाडीचं नि टोपलीचं गाऱ्हाणंही मांडलं.

पाटील रागीट होते, पण न्यायी होते. मिशीवरून हात फिरवून ते म्हणाले, "नियमात चूक आमची. आजपासून टोपलीला कमी आणि गाडीला जास्त. तुम्ही आपणहून आलात, तुम्हाला माफ. पण सगळे आले का?"

चिमाक्का पुढं झाली.

"नाही," ती म्हणाली. "लिंबा बांगडीवाला राहिला."

"शाबास. तुझी तीन वर्षांची पट्टी माफ."

"मला माफी नको, पाटील. द्यायचंच असेल तर एवढं द्या, त्याची जागा मोडू नका. तीस वर्षं बसतोय तो तिथं."

पाटलांनी शिक्षा बदलली. लिंबानं पंधरा दिवस बांधावर माती वाहावी, मग बाजारात बसावं.

लिंबानं माती वाहिली. कुणाशी अवाक्षर बोलला नाही. पंधरा दिवसांनी तो वेशीतून, पट्टी भरून बाजारात आला, पण चिमाक्काच्या शेजारी बसला नाही. पार दुसऱ्या टोकाला, उन्हात त्यानं दुकान मांडलं. तिनं हाक मारली, तर ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेजारच्या रिकाम्या जागेत चिमाक्कानं कुणाला बसू दिलं नाही. लोक तिला शहाणी म्हणत, तिच्यामुळे बाजार वाचला म्हणत. ती मान हलवी आणि त्या जागेकडे बघे.

पुन्हा वैशाख आला. या वेळी बांधात पाणी भरलेलं होतं. लांबलांबच्या गाड्या आल्या. बाजार पुन्हा पहिल्यासारखा गजबजला. भर दुपारी चिमाक्कासमोर एक सावली येऊन थांबली. डोक्यावर टोपली घेऊन लिंबा उभा होता.

"चिमे, वर्षभर तुझ्यावर रागावलो," तो म्हणाला. "सारखं वाटायचं, हिनं माझं नाव घेतलं. पण नाव घ्यायच्या आधी तू घरी आली होतीस, बुधवारपर्यंत वेळ दिला होतास. आलो नाही तो मीच."

चिमाक्कानं हातातलं माप खाली ठेवलं.

"तिकडं ऊन फार लागतं गं," लिंबा म्हणाला. "जरा सरकतेस का?"

चिमाक्कानं डोळे पुसले आणि फुटाण्यांचं पोतं बाजूला ओढलं.

मुलांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते हे: सगळ्यांचं नुकसान करणारी चूक, ती आपल्या माणसाची असली तरी, झाकू नये. पण चारचौघांत सांगण्याआधी ती त्या माणसाला तोंडावर सांगावी, त्याचं म्हणणं ऐकावं आणि सुधारायला वेळ द्यावा.