येसूची तिरकी भाकरी

खिरसाळ घाट चढून माथ्यावर आलं की रस्ता एक वळण घेतो आणि डाव्या हाताला चवडीचा कडा उभा राहतो. काळ्या कातळाचे गोल थर, कडेला जरा फाटलेले, एकावर एक रचलेले. सगळ्यात वरचा थर मात्र नीट बसलेला नाही. दरीच्या बाजूला तो सरकून बाहेर आलाय, जणू घाईघाईत कुणी चवडीवर भाकरी टाकली आणि ती तिरकीच राहिली. या कड्याकडे बघितलं की भूक लागते म्हणतात. लागत असेलही, कारण समोरच ठकूबाईचं खोपट आहे आणि तिची चूल दिवसभर विझत नाही.

हल्ली तिथे गाड्या घेऊन फोटो काढणारी मंडळी येतात. गेल्या मार्गशीर्षात असंच एक जोडपं आलं, निशिगंधा आणि तिचा नवरा हर्षद. सुळके बघत, कातळातली आरपार नेढी बघत, डोंगरामागून डोंगर पालथे घालत निघालेली दोघं. हा शेवटचा कडा, मग घरी. आणि नेमकं त्याच दिवशी धुकं! कडा पुढ्यात असून दिसेना. निशिगंधानं तिकाटणं रोवलं, त्यावर कॅमेरा चढवला आणि हात चोळत उभी राहिली. मध्येच धुकं जरा फाटलं, खालचे थर दिसले. हर्षद बोट नाचवत मोजायला लागला, "एक, दोन, तीन..."

"अरे बाबा, मोजू नको!" ठकूबाई आतून ओरडली. "मोजायची नसते ती!"

"का आजी? मोजली तर काय होतं?"

"काय होतं ते तुझ्यासमोर उभंच आहे की. या आत. धुकं काय तुमच्या बापाचा नोकर आहे, बोलावल्यावर उठायला?"

दोघं आत येऊन बसली. ठकूबाईनं नाचणीची भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवला, पण हलली नाही. उजवा हात पुढे करून तशीच उभी राहिली. हर्षदनं खिसा चाचपला.

"ते राहू दे रे. आधी ऐक, मग कळेल हात कशाला केलाय."

आणि तिनं सांगितलं ते असं.

फार जुनी गोष्ट. डांबर नव्हतं, गाडी नव्हती. कोकणातून मिठाचे बैल याच घाटानं वर यायचे. माथ्यावर सुभाना नावाचा वाटाड्या राहायचा. आल्यागेल्याला घाट चढवून द्यायचा, उतरवून द्यायचा. त्याची बायको येसू. तिच्या हाताला उसंत म्हणून नव्हती. भाकरी थापली, भाजली, चवडीवर टाकली, की पुढचा गोळा हातात. पण वरची भाकरी कायम तिरकी पडायची. सासू म्हणायची, "काय गं ही तुझी भाकरी, माडी पिऊन आल्यासारखी झुकलेली!" येसू म्हणायची, "असू द्या सासूबाई. वरची तिरकी असली की वाफ निघून जाते, खालच्या ओलावत नाहीत." सासूला राग यायचा, पण भाकरी कोरडी असायची, म्हणून ती आणखी एक मागून घ्यायची.

एका साली सुभाना दरीत घसरला. कुणी म्हणे गेला, कुणी म्हणे वाघानं नेला. येसू अनवाणी घाटजाई देवीच्या ठाण्यावर गेली आणि पदर पसरून बसली. "आई, माझा धनी हाती लाव. या माथ्यावरून कुणाला उपाशी जाऊ देणार नाही. आणि देताना किती दिलं, किती उरलं, मोजणार नाही." तिसऱ्या प्रहरी सुभाना लंगडत दारात आला. लंगडा पाय जन्माचा झाला, पण माणूस आला.

तेव्हापासून येसूच्या रांजणातलं पीठ सरायचं नाही म्हणे. ते कसं सरत नाही हे बघायला ती कधी वाकली नाही. वाकून बघणं म्हणजे मोजणंच की! हात घालायची, पीठ यायचं. तेवढंच तिला ठाऊक.

मग एका माघात धुकं बसलं. बसलं ते उठेना. मीठवाल्यांचा अर्धा तांडा वर पोचला होता, अर्धा बैलांसकट घाटातच अडकला. वरची माणसं येसूच्या अंगणात कांबळी पांघरून बसली. सुभानानं काठी घेतली. "खालच्यांना घेऊन येतो. माझी भाकरी ठेव गं," म्हणाला आणि दोन पावलांत दिसेनासा झाला.

येसू चुलीपुढे बसली. तांड्यातली पोरं आली, म्हातारी आली, हात पुढे येत गेले, भाकऱ्या जात गेल्या. सुभानाचा पत्ता नाही. ती दारात जाऊन हाक मारून आली. स्वतःचीच हाक परत आली, ओली होऊन. पुन्हा बसली. हात पिठात, जीव दरीत. एवढ्या वर्षांत नवऱ्यानं कधी भाकरी ठेवायला सांगितली नव्हती, आजच का म्हणाला असेल? तो आला आणि त्याची राहिली नसेल तर? आणि तो आलाच नाही तर?

तिनं चवडीवरचं फडकं बाजूला केलं. बोटानं खालून वर एकेक भाकरी शिवत मोजायला लागली. नवस तिला आठवत नव्हता असं नाही. आठवत होता, तरी बोट थांबलं नाही.

शेवटच्या भाकरीला बोट लागलं आणि गार लागलं. तव्यावरनं नुकती उतरलेली भाकरी, आणि झऱ्यातल्या दगडासारखी गार. बघता बघता सगळी चवड दगड झाली.

दारात हात पसरून उभी असलेली म्हातारी म्हणाली, "काय झालं गं बाई?"

"मी मोजली," येसू म्हणाली.

मग ती चवड वाढायला लागली. आढ्याला टेकली, आढं मोडलं. माणसं अंगणातून लांब पळाली. येसू उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणाली, "आई, मोजली मी. भोग मला दे. त्याला का? या उपाशी लोकांना का?" देवी तेव्हा बोलली असं काहीजण सांगतात. ठकूबाई म्हणते, ती काही बोलली नाही. तिनं फक्त दगड वाढू दिला. धुक्याच्याही वर जाईपर्यंत वाढू दिला.

तिकडे घाटात सुभानाची वाट चुकली होती. पायांना घाट पाठ, पण तसल्या धुक्यात पायसुद्धा विसरतात. पुढचा बैल अडून बसला, हाकललं तरी खूर उचलेना. पुढ्यात कडाच तुटलेला होता. माणसं देवाचं नाव घ्यायला लागली. तेवढ्यात वरच्या अंगाला धुकं फाटलं आणि आभाळात काहीतरी काळं दिसलं. थरावर थर, आणि वरचा थर तिरका.

"अरे, ही तर येसूची चवड!" सुभाना ओरडला.

तांड्याचा नाईक म्हणाला, "मरायच्या वक्ताला दगडात बायको दिसली होय रे तुला?"

"वरची तिरकी बघ नाईक. अशी रचणारी साऱ्या घाटमाथ्यावर एकच आहे!"

त्यानं चवड नजरेसमोर धरली आणि बैल वळवले. धुकं मिटलं की थांबायचं, फाटलं की चालायचं. असं करत करत सगळे माथ्यावर आले. एकही बैल गेला नाही, एकही माणूस गेला नाही.

येसू दगडाच्या पायथ्याशी बसली होती, पिठाचे हात तसेच. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तुमची भाकरी राहिली नाही."

सुभाना तिच्याशेजारी टेकला. "राहिली की," म्हणाला. "कोसभरावरून दिसली."

तेव्हा कुठे ती रडली.

खालून आलेल्या बैलांवर मिठाबरोबर वाटेच्या शिध्याचं तांदळाचं पीठ होतं. तांड्यातल्या बायकांनी तीन दगड मांडले, जाळ केला. पहिली भाकरी उतरली तशी त्या म्हातारीनं ती मोडली, आणि तिच्या ध्यानात आलं, की आजवर शेकडो माणसं या दारात जेवून गेली, पण "बाई, तू जेवलीस का?" असं येसूला कुणी विचारलं नव्हतं. तिनं पहिला घास येसूच्या तोंडात घातला. मग बाकीचे जेवले.

ठकूबाईचं सांगून झालं. हात अजून पुढेच होता. निशिगंधानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तिच्या हातावर ठेवला. ठकूबाईनं तो तोंडात टाकला आणि मगच बूड टेकलं.

एवढ्यात बाहेर उजेड पडला. निशिगंधा ताटावरून अर्धवट उठली, पुन्हा घुटमळली.

"जा गं," ठकूबाई म्हणाली. "धुकं थांबायचं नाही. भाकरी थांबेल."

ती धावली. कडा पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोकळा झाला होता आणि वरच्या तिरक्या थरावर तेवढं ऊन आलं होतं. धुकं पुन्हा मिटलं तशी ती हसत परत आली.

"किती फोटो निघाले?" हर्षदनं विचारलं.

"मोजले नाहीत," ती म्हणाली आणि गार झालेली भाकरी खायला बसली.

आजही खिरसाळात भाकऱ्या मोजत नाहीत. नवी सासुरवाशीण आली की पहिल्या दिवशी तिला एवढंच शिकवतात, की वरची भाकरी मुद्दाम तिरकी ठेवायची. आजही पाहुणा पहिला घास भाकरी करणारीला देतो, मग स्वतः खातो. ठकूबाईला ताट वाढून घेताना मात्र कुणी पाहिलेलं नाही. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या घासाघासानं तिचं पोट भरतं.